डावी नाकपुडी

पहिल्या वर्षी आम्हाला अवयव मिळायचे.
कान एक, ओठांची जोडी, घोट्यापाशी तुटलेलं पाऊल,
आणि ताटाएवढा डोळा, पापणीसकट,
भिंतीत ठोकलेल्या खिळ्यावर.
माणूस मिळायचा तिसऱ्या वर्षी,
तोही गळ्यापर्यंत.

गॅरेजच्या वर होतं आमचं चित्रमहाविद्यालय.
खाली एखादी स्कूटर सुरू व्हायला नकार द्यायची
आणि वर ग्रीक देवांच्या हनुवट्या थरथरायच्या.
पिंगळेसर म्हणायचे, उजेड डावीकडून धरा.
उजेड चारपर्यंत ऐकायचा.
मग तो समोरच्या पत्र्यावर आपटून यायचा,
सगळ्या सावल्या उलट्या, कपाळाकडे चढायच्या.
सर तेव्हा चहाला जायचे.

बाईंना आम्ही बाईच म्हणायचो.
कुणी म्हणे देवी, कुणी म्हणे राणी;
रजिस्टरात फक्त: स्त्री-शिर, प्लास्टर, नग एक.
मूळ दगड कुठल्या देशात, कुणाला ठाऊक.
साच्याचा साचा, त्याचाही साचा,
खोक्यात, गवतात गुंडाळलेल्या,
मुंबईहून कसाऱ्याचा घाट चढून आलेल्या बाई.
दर तपासणीआधी त्यांना डिस्टेंपरचा एक हात.
पापण्या जाड झाल्या होत्या,
रात्रभर रडल्यासारख्या.

मी त्यांना एकवीस वेळा काढलं.
सहा बीची पेन्सिल, कोळसा, कोळसा पुसायला शिळा पाव
(उरला तर खायला).
दर वेळी डाव्या नाकपुडीवर एक टिंब यायचं.
मोहरीएवढं भोक.
सर म्हणाले, हवेचा बुडबुडा तो, ओतताना राहतो. काढू नकोस.
मी म्हटलं, दिसतं ते काढा, असं तुम्हीच.
सर म्हणाले, कळतं ते काढ.

वार्षिक परीक्षेत काढलंच.
चार गुण गेले.
शेजारी लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह,
भोकाच्या वीसपट.

पुढे मी पेठला शाळेवर लागले.
एका शनिवारी रविवार कारंजावर गांगुर्डेमामा दिसले,
कॉलेजचे शिपाई, निवृत्त, पिशवीतून मेथी डोकावत होती.
इकडचं तिकडचं झालं, आणि म्हणाले,
बाईचं नाक मी बसवलंय.
जुन्या इमारतीतून आणताना टेम्पोत आपटलं,
पार भुगा.
पगारातून कापलं असतं ना.
भाऊ गणपतीच्या कारखान्यात, त्याच्याकडून दोन मुठी पीओपी आणलं,
रात्रीत घडवलं, कानशीने घासलं.
नमुना?
नमुना कुठनं आणू. घरात एकच बाई होती, झोपलेली.
कंदील धरला न बघितलं.

आणि भोक?
मामा माझ्याकडे बघत राहिले, मी शिकलेली ना.
म्हणाले, नथीबिगर नाक कसं पुरं होईल?
खराट्याची काडी घातली, ओलं होतं तवर.

आमच्या गावाचं नाव पडलं
ते एका बाईचं नाक कापल्यावरून, असं सांगतात.
तपोवनात जागा दाखवतात,
रिक्षावाले न विचारता थांबवतात.
नाक बसवल्याची जागा
जिन्याखाली आहे.

म्हणजे आता आहे. परवा गेले होते.
वर्गात संगणक आलेत, सर नाहीत,
अवयव कुठे गेले ते कुणी सांगेना.
भंगारवाला म्हणे आला होता:
प्लास्टरला भाव नाही, उलट हमाली द्या.
बाई फिनेलच्या कॅनशेजारी,
डोक्यावर कुणाचं तरी हेल्मेट.

हेल्मेट काढलं.
नाकपुडी बुजली होती, आठ-दहा तपासण्यांच्या रंगाने.
हेअरपिनने टोकरत बसले.
पांढरा भुगा बोटावर, साडीवर.
भोक होतं. आरपार नव्हतं, काडी दमली असावी मध्येच.

माझी चमकी माझ्याच नाकात होती.
हात गेला तिथपर्यंत.
मग जिन्यावर पावलं वाजली,
मी हेल्मेट होतं तसं ठेवलं.
कुणातरी पोराला घरी जायचं असणार.